सात मिनिटांचा नाश्ता

तंबूत राहायला गेल्यावर सकाळचा नाश्ता सात मिनिटांत होतो, आणि पोटभर होतो. ही फुशारकी नाही, माझं कामच तसलं आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघतो. कुठलं यंत्र किती मिनिटं रिकामं उभं राहिलं, का राहिलं आणि त्यासाठी कुणाला फैलावर घ्यायचं, यात माझी पंचवीस वर्षं गेली. घरातही मी हातात घड्याळ धरूनच फिरतो असं बायको म्हणते. ती शाळेत शिकवते, म्हणजे तिचाही दिवस घंटेवरच चालतो. पण शाळा सुटली की ती घंटा तिथंच ठेवून येते. मला ते जमलेलं नाही.

हिवाळ्यात दोन-तीनदा आम्ही तंबू घेऊन बाहेर पडतो. फार लांब नाही. कारखान्यातल्या माझ्या एका मित्राचं वेरूळच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला शेत आहे. शेताच्या खालच्या अंगाला पाझर तलाव, काठावर चार-सहा बाभळी आणि एक सपाट पट्टा. त्या पट्ट्यात काही पिकत नाही, म्हणून तो आम्हाला मिळाला. मित्र आठवडाभर यंत्रं दुरुस्त करतो आणि सुटीला गावी येऊन शेत बघतो. त्याचं घर गावात, तिथून तीन-चार किलोमीटरवर. आम्ही तंबूत असलो की तो सकाळी मोटारसायकलवर दूध घेऊन येतो आणि दुपारपर्यंत आमच्यातच रमतो.

पहिल्याच वेळी त्यानं एक अट घातली होती. "इथं चूल पेटवायची नाय बरं का. वर समदा वनखात्याचा डोंगर हाये, गवत वाळून कडक झालंय. एक ठिणगी उडाली तर लई अवघड व्हईल, मला गावात तोंड दाखवता येणार नाय." अट रास्त होती. त्यामुळे आमच्याकडे आग म्हणजे पाच किलोचा एक छोटा सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेली एक शेगडी. दुसरी घ्या असं बायको दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. एका शेगडीत जे बसत नाही ते नियोजनच नव्हे, असं माझं मत होतं.

झटपट नाश्त्यात गुपित वगैरे काही नसतं. निम्मा नाश्ता आदल्या दिवशी घरी करून न्यायचा, एवढंच. उपम्याचा रवा घरीच फोडणीत खमंग भाजून घ्यायचा, त्यात मीठ, चिमूटभर साखर घालून डब्यात भरायचा. सकाळी त्यावर उकळतं पाणी ओतलं, एक वाफ आणली आणि झाकण ठेवलं की काम झालं. धपाटे तर दोन दिवस आरामात टिकतात, तव्यावर नुसते शेकायचे आणि दह्याशी खायचे. अगदीच वारा सुटला आणि शेगडी तग धरेना, तर कच्चा चिवडा. मुरमुरे, कांदा, शेंगदाणे, वरून कच्चं तेल आणि काळं तिखट, हातानं कालवायचं आणि द्यायचं. त्याला शेगडी लागतच नाही.

पण माझा हुकमी पदार्थ सुशीला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहेच म्हणा. मुरमुरे मी गुलमंडीतल्या एकाच दुकानातून आणतो. दुसरीकडचे पाण्यात बुडवले की त्यांचा लगदा होतो. मोहरी, मिरच्या, कढीपत्ता, हळद अशी फोडणी घरीच करून छोट्या डबीत न्यायची. डाळव्याचं पीठ आणि दाण्याचा कूट पुड्यांमध्ये. सकाळी कढईत फोडणी पातळ होईपर्यंत इकडे मुरमुरे बुडवून, पिळून तयार ठेवायचे. मग सगळं एकत्र, दोन वेळा परतलं, वर कोथिंबीर. घड्याळ लावून सात मिनिटं. मित्र म्हणायचा, "ह्याला कारखान्यातून काढलं तरी उपाशी मरायचा नाय."

सातच मिनिटं का, याला कारण होतं. त्याआधीचा अर्धा तास शेगडीवर आईच्या आंघोळीचं पाणी असायचं.

आमचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील सरकारी कचेरीत कारकून होते. वडिलांच्या पिढीत भिक्षुकी गेली, शिस्त राहिली. आंघोळ आणि देवपूजा झाल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही. मुंज होईपर्यंत आम्हा मुलांना सूट होती, नंतर तीही गेली. बाहेरगावी देव सोबत नसले तरी आंघोळ चुकायची नाही. एकदा प्रवासात गाडी नऊ तास उशिरा पोचली, तर तेवढा वेळ आई-वडील दोघं कोरड्या तोंडानं बसून होते आणि समोरचं कुटुंब आमच्यासमोर पुऱ्या खात होतं. मला तेव्हा त्या दोघांचा अभिमान वाटला होता. मी बारा वर्षांचा होतो.

वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर आई आमच्याकडे राहायला आली, आणि येताना तिचे देव आणि तिचं सोवळं घेऊन आली. निदान मी तसं धरून चाललो. तिच्या खोलीला लागूनच न्हाणीघर. सकाळी साडेसहाला गिझर लावायचा, बादली भरून ठेवायची, हे माझं काम. मीही आंघोळ करूनच खातो, पण ते कारखान्याची बस सात वाजता येते म्हणून. त्यात देवाधर्माचा काही संबंध नाही.

वडिलांच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतरच्या हिवाळ्यात आम्ही तंबूचं सामान गाडीत भरत होतो. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मी पण येते."

आम्हा दोघांना आश्चर्य वाटलं. आई आयुष्यात कुठं गेली असेल तर नातेवाइकांकडे आणि देवाला. उघड्यावर, कापडाखाली झोपायची हौस तिला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण ती शाल आणि औषधांची पिशवी घेऊनच उभी होती. तिला मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पाच मिनिटं विचार केला, स्वयंपाकघरात गेलो आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं आणून डिकीत ठेवलं. बायकोनं विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, आंघोळीच्या पाण्याला. आई मागच्या सीटवर बसून ऐकत होती.

तिथं पोचल्यावर मी मित्रालाही सांगून टाकलं. म्हणजे सकाळी ओशाळवाणं काही व्हायला नको. मी म्हणालो, "आमच्याकडे आंघोळीशिवाय अन्न नाही, तेव्हा सकाळी आईला आग्रह करू नको." मित्र म्हणाला, "बरं." बाभळीच्या दोन खोडांना त्यानं ताडपत्री बांधून दिली, खाली एक फरशी टाकली. आईचं न्हाणीघर झालं.

असं आमचं सुरू झालं. सकाळी सव्वासहाला उठायचं, शेगडी पेटवायची, पातेलं चढवायचं. पाणी कढत आलं की आईला हाक मारायची, तिनं गोळी घ्यायची, आंघोळीला जायचं. ती ताडपत्रीमागून बाहेर येईपर्यंत शेगडीवर कढई चढलेली असायची, आणि ती केस पुसून बसली की तिच्या हातात गरम ताटली. पाणी तापेपर्यंत बायको आणि मित्र त्यानं घरून किटलीत आणलेला चहा आणि बिस्किटं घ्यायचे. आई त्यांच्याकडे पाठ करून, घडीच्या खुर्चीत तळ्याकडे तोंड करून बसायची. तळ्यावर पाणकोंबड्या असतात. मला वाटायचं, तिला त्या आवडतात.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा गणित चुकलं. त्या दिवशी वारा होता आणि ज्योत पातेल्याला लागतच नव्हती. आईनं नेहमीच्या वेळेला गोळी घेऊन टाकली होती, पाणी मात्र कोमटच. बघता बघता चाळीस मिनिटं झाली. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम आला आणि हात थरथरायला लागले. बायकोनं धावत जाऊन साखरेची मूठ तिच्या तोंडात कोंबली. आईनं ती गिळली, वर पाणी प्यायली. दहा मिनिटांनी तिचा आवाज ताळ्यावर आला. मी तेवढा वेळ पातेल्यापाशी उभा होतो. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी वाऱ्यावर चिडलो, शेगडीवर चिडलो, गोळी आधी का घेतली म्हणून आईवरही चिडलो.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "पुन्हा असं झालं तर आईंना इथं आणायचं नाही. डॉक्टरही हेच म्हणतील." तिचं बरोबर होतं. मी आरशात बघितलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. शहर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "मी येणार." एवढंच. पण तिनं एखादी गोष्ट तशा स्वरात मागितलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

डॉक्टर खरंच तेच म्हणाले. म्हणजे आता प्रश्न साधा होता. आईच्या आंघोळीचं आणि नाश्त्याचं मिळून वेळापत्रक बसलं तर ती येणार, नाही बसलं तर ती शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर बसून राहणार. आणि वेळापत्रक बसवणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा.

पुढच्या खेपेला मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी काय म्हणतो, काकूंनी आधी दोन घास खाल्ले आन् मग आंघोळ केली, तर काय बिघडंल?"

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं ते. आमच्या घरातलं आहे."

तो "बरं" म्हणाला आणि विहिरीवरची मोटार बघायला निघून गेला. पुढं त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. त्याच्या शेतात राहायचं, त्याचं दूध प्यायचं, त्याच्या विहिरीचं पाणी तापवायचं आणि त्यालाच असं बोलायचं. हे मला तेव्हा खटकलं नाही, याची मला आता लाज वाटते.

मी कामाला लागलो. शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा केला. आदल्या संध्याकाळी दोन मोठे थर्मास कढत पाण्यानं भरून ठेवायला लागलो, म्हणजे सकाळी पातेल्याला तेवढी आघाडी. गोळीची वेळ पुढं ढकलली, आंघोळीची फरशी शेगडीच्या जवळ आणली. नाश्ता आधी पंधरा मिनिटं घ्यायचा, तो बारावर आला, मग दहावर आणि शेवटी सातवर. सुशीला, उपमा, धपाटे हे सगळं त्यातूनच आलं. लोकांना वाटतं मला खाण्याची हौस आहे. कारखान्यात मी एवढी सुधारणा केली असती तर सूचनाफलकावर माझा फोटो लागला असता. पुढच्या तीन हिवाळ्यांत आईला एकदाही घाम फुटला नाही. ती हाक मारल्याबरोबर गोळी घ्यायची, मुकाट्यानं ताडपत्रीमागे जायची, कुडकुडत बाहेर यायची, ताटली हातात घ्यायची आणि खाली मान घालून भरभर खायची. पदार्थ कसा झालाय हे कधी सांगायची नाही. मला वाटायचं, हिला चवीचं काही पडलेलं नाही.

या जानेवारीत मात्र मी हातोहात फसलो. सव्वासहाला शेगडी पेटवली, पातेलं चढवलं, आणि पाचव्या मिनिटाला ज्योत निळी, मग पिवळी होऊन विझली. सिलिंडर संपला होता. निघताना तो बदलायचा हे माझ्या यादीत होतं, मी त्यापुढे खूणही केली होती, फक्त बदलला नव्हता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर सोडलं नसतं.

मित्राला फोन लावला तर तळ्याकाठी रेंज नाही. आई उठून शाल गुंडाळून बसली होती. मी तिला म्हणालो, "गोळी घेऊ नकोस अजून. गावातून सिलिंडर आणतो, पाऊण तासात पाणी देतो." बायकोला तिच्यापाशी ठेवलं आणि गाडी काढली. मित्राच्या घरी पोचलो तर तो निघून गेला होता. मोटारसायकलची वाट शेतांमधून आहे, गाडीची सडकेनं, त्यामुळे रस्त्यात आमची चुकामूक झाली. त्याच्या बायकोनं घरात भरून ठेवलेला पाच किलोचा सिलिंडर काढून दिला आणि वर म्हणाली, "पाणीच हवं व्हय? इथंच आणा की काकूंना, न्हाणीत बंब पेटलाय." ते मला पाच वर्षांत सुचलं नव्हतं. पण आता उशीर झाला होता. मी सिलिंडर घेऊन परत फिरलो.

गाडी बांधावरच ठेवावी लागते. तिथून सिलिंडर खांद्यावर घेऊन मी खाली उतरत होतो. ती तिघं सतरंजीवर बसलेली मला पाठीमागून दिसली. मध्ये मित्रानं फडकं पसरलं होतं. त्यावर कालच्या ज्वारीच्या भाकरी, दह्याचं भांडं, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आईची पाठ माझ्याकडे होती. तिच्या डोक्यावरून शाल घसरली होती आणि केस रात्रीचेच विस्कटलेले होते. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि मित्र मोठ्यानं हसत होता. मी तिचं हसू ऐकलं. तिच्या तोंडात घास होता, आणि तरीही ती हसत होती.

माझ्या पायाखाली एक दगड निसटला. आईनं वळून बघितलं. आणि तिनं हातातली ताटली झटकन शालीखाली घेतली.

दही शालीवर सांडलं. ते लोकरीतून खाली ओघळताना मला दिसत होतं. तिच्या ओठाला चटणी लागली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. बहात्तर वर्षांची बाई. शाळेत असताना मी वडिलांकडे तसं बघायचो.

मित्र उठला, "आण इकडं," म्हणून त्यानं माझ्या खांद्यावरचा सिलिंडर उतरवून घेतला. मी म्हणालो, "पाणी ठेवतो लगेच."

"ठेव," आई म्हणाली.

बायको म्हणाली, "आई, सांगा त्यांना. मघाशी मला सांगितलंत ते सांगा."

"काय सांगायचं त्यात," आई म्हणाली. तिनं शालीखालून ताटली काढली, खाली ठेवली आणि पदरानं दही पुसायला लागली. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता ती बोलली. "ते आंघोळीचं ह्यांचं होतं रे. माझं नव्हतं कधी. माझ्या माहेरी आम्ही उठलो की चुलीपाशी बसून शिळी भाकरी खायचो. सासरी आले आणि बंद झालं. पाचला उठायचं, सगळं करायचं आणि दहाला तोंडात घास. मला रोज भूक लागायची."

मी विचारलं, "मग बाबा गेल्यावर तरी बोलायचं."

"बोलायचं कशाला, मी खाणारच होते. तेराव्यानंतर आठ दिवसांनी असेल, तुझ्याच घरी, सकाळी मुरमुऱ्याचा डबा उघडला. मूठ भरली. तेवढ्यात तू आलास आणि म्हणालास, आई, बादली भरून ठेवलीय. मी मूठ परत डब्यात टाकली. म्हटलं, आता हे ह्याचं झालं."

मला ती सकाळ आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. बादली भरून ठेवल्याच्या अनेक सकाळी मला आठवतात, पण त्यातली कुठलीच तशी नाही.

"आणि तंबूत यायचा हट्ट कशासाठी केला होता?" बायकोनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, ते मी ऐकावं म्हणून तिनं विचारलं.

आई थोडी हसली. "मला वाटलं, रानात कुठली आलीय आंघोळ. तिथं तरी उठल्या उठल्या सगळ्यांच्या बरोबरीनं बसून खाता येईल. तर हा पातेलं घेऊन आला."

मित्र तळ्याकडे बघत होता. बायको खाली बघत होती. मी पातेल्याकडे बघितलं. तळाशी काजळी धरलेलं, एका बाजूला पोचा आलेलं. पाच हिवाळे मी ते डिकीत सगळ्यात आधी ठेवत होतो, म्हणजे विसरायला नको.

"इथं यांची चहा-बिस्किटं चालायची, तेव्हा तू पाणकोंबड्या बघत बसायचीस," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"कुठल्या पाणकोंबड्या," आई म्हणाली. "समोर बसलं की खावंसं वाटायचं, म्हणून पाठ करायचे."

मला रडू आलं नाही. मला स्वतःचा संताप आला, आणि या वेळी तो दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. वारा नव्हता. सिलिंडरही भरलेला होता.

नंतर बायकोनं मला सगळं क्रमानं सांगितलं. मी गेल्यावर दहा मिनिटांत मित्र आला. शेगडी बंद बघून म्हणाला, आज थंडच खावं लागतंय. त्यानं फडकं सोडलं, भाकरी बाहेर काढली आणि सवयीनं बायकोकडे एक तुकडा धरला. आईकडे त्यानं धरला नाही. पाच वर्षं त्यानं माझा शब्द पाळला होता. आईनं हात पुढं केला आणि म्हणाली, "मला नाही का?" तो गोंधळला, त्यानं बायकोकडे बघितलं. बायको "आईंचं आंघोळीचं" असं काहीतरी सुरू करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "तो यायच्या आत दे."

त्या सकाळी मी सुशीला केली नाही. मित्र म्हणाला, "बस बाबा आता, भाकर खा." मी आंघोळ केली नव्हती, दातसुद्धा घासले नव्हते. मी बसलो. आईनं भाकरी कुस्करली, त्यात दही आणि चटणी कालवली आणि माझ्यापुढं सरकवली. भांडं नाही, शेगडी नाही. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मित्राला मी म्हणालो, "तुला मी मागं एकदा वाटेल ते बोललो होतो." तो म्हणाला, "कधी?" त्याला चांगलं आठवत होतं. मग तो म्हणाला, "जाऊ दे. कांदा घे." मी कांदा घेतला.

आईनं गोळी घेतली, वर अजून अर्धी भाकरी खाल्ली आणि ऊन अंगावर आल्यावर, साडेनऊला, बंबाचं पाणी घ्यायला मित्राच्या घरी गेली. आंघोळ तिला आवडते. तिला ती फक्त नंतर हवी होती.

आता घरी सकाळी मी गिझर लावत नाही. तो ती उठून, खाऊन, पेपर वाचून झाल्यावर स्वतः लावते. सहा वाजता मी सुशीला करतो, कधी उपमा, कधी आदल्या रात्रीची भाकरी कुस्करून तिला फोडणी देतो. घरात दोन शेगड्या आहेत, घाई कसली नाही, पण हाताला सवय लागलेली असल्यामुळे सात मिनिटांच्या वर वेळ लागत नाही. आई टेबलाशी बसते, विस्कटलेल्या केसांनी. आता चवीबद्दलही बोलते. मीठ कमी आहे म्हणते. मिरची ठेचून घालत जा म्हणते. परवा म्हणाली, तुझ्या मुरमुऱ्यांचा लगदा झालाय.

ताटली तिच्यापुढं ठेवली की ती घास उचलते, आणि तो तोंडात घालायच्या आधी क्षणभर माझ्याकडे बघते. रोज बघते. ते तिच्या लक्षात येत असेल असं मला वाटत नाही. खा ना, असं मी सुरुवातीला म्हणायचो. मग माझ्या लक्षात आलं की तीही एक परवानगीच झाली. म्हणून आता मी ताटली ठेवली की लगेच वळतो आणि शेगडीकडे तोंड करून उभा राहतो. शेगडी बंद असते. ती चावायला लागल्याचा आवाज आला की मग मी माझी ताटली घेऊन तिच्यासमोर बसतो.